वंशवृक्षात नसलेलं माहेर

जिजाऊंच्या घराण्याविषयी बोलणं निघालं की ते हमखास देवगिरीला जाऊन पोचतं. सिंदखेडचे जाधव म्हणजे यादवांचे वंशज, म्हणजे रामदेवरायांचं रक्त, म्हणजे जिजाऊ जन्मानेच राजकन्या. एवढं सांगून झालं की विषय मिटतो. बुलढाणा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे शाळेत जायच्या आधीपासून पाठ असतं. १२ जानेवारीला सिंदखेडराजात लोटणाऱ्या गर्दीतल्या कुणालाही विचारा, देवगिरीचं नाव लगेच येईल. त्यांनाच जिजाऊंच्या आईचं नाव विचारा. म्हाळसाबाई हे उत्तर फार थोडे देतील. आणि म्हाळसाबाई कुणाच्या लेक होत्या, हा प्रश्न बहुतेकांनी कधी स्वतःला विचारलेलाही नसतो.

माझा आक्षेप यादवांच्या दाव्यावर नाही. एका बाईचं घराणं शोधायला निघालेले आपण तिच्या बापाचा हात धरतो, बापाच्या बापाचा धरतो आणि वर चढत चढत अशा एका राजापाशी थांबतो, ज्याचा तिच्या आयुष्याशी काडीचाही प्रत्यक्ष संबंध आला नाही. आजूबाजूची माणसं मात्र वाटेतच सुटून जातात. तिचे भाऊ, भावजया, व्याही, सुना, ज्यांच्यामुळे तिचं आयुष्य घडलं आणि मोडलं, ती सगळी. वंशवृक्ष वाचायची आपली ही रीतच चुकीची आहे आणि तिच्यापायी जिजाऊंसारखी बाई आपल्याला नीट दिसत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी दाव्याचंच पाहू. हरपालदेवांचा अंत १३१८च्या सुमाराला झाला आणि देवगिरीचं यादव राज्य संपलं. लखुजी जाधवराव सिंदखेडचे देशमुख म्हणून पुढे येतात ते सोळाव्या शतकाच्या शेवटच्या पर्वात. मधली अडीचशे वर्षं बऱ्याच नंतर लिहिलेल्या वंशावळींच्या आधाराने सांधली जातात. तरीही हा दावा पोकळ म्हणून बाजूला सारावा असा नाही. शिवकाळात तो प्रतिष्ठितांनी मान्य केलेला होता. परमानंदांच्या शिवभारतात लखुजींचा उल्लेख यादवराज असाच येतो. शिवाय हा सगळा मुलूखच यादवकाळाच्या खुणांनी भरलेला आहे. लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ इथून फार लांब नाही. २०२४च्या जून महिन्यात सिंदखेडराजाला लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. असं काही सापडलं की मन लगेच धागे जोडू लागतं. पण मूर्ती जमिनीची असते, वंशाची नसते. त्या जागी आधी देऊळ होतं एवढंच ती सांगते; लखुजींचा पणजा कोण, हे ती सांगत नाही.

आपल्याकडे वंशावळी लिहिल्या गेल्या त्या बहुतेक वेळा गरजेपोटी, आणि ती गरज वतनाची असे. देशमुखी म्हणजे परगण्याचा वसूल गोळा करून देण्याचा पिढीजात हक्क, त्याबरोबर येणाऱ्या इनाम जमिनी, मानपान, सणावारी पहिला मान. ह्या हक्कावर भाऊबंदांत किंवा दुसऱ्या घराण्याशी तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. दोन्ही बाजू आपापला करीना लिहून देत: आमचा मूळपुरुष अमुक, त्याचे मुलगे अमुक, त्यातल्या थोरल्याकडे देशमुखी आली, धाकटा लढाईत पडला. निवाडा झाला की साक्षीदारांच्या निशाण्यांसह महजर होई. वंशावळ ही अशी दाव्यातली पुराव्याची चीज होती. हक्क मुलाकडे जायचा, म्हणून नोंद मुलाची. लेक लग्न होऊन दुसऱ्याच्या वतनात गेली की तिचं नाव ह्या कागदाला लागत नसे. बाई कागदावर यायची ती नवऱ्यामागे वतन सांभाळणारी विधवा म्हणून किंवा दत्तक घेणारी म्हणून, म्हणजे पुरुष नसल्यामुळे पडलेली जागा भरायला. ही कामकाजाची सोय होती. आपण तिलाच इतिहास समजून बसलो.

अशी सोय फक्त आपल्याचकडे होती असंही नाही. पारंपरिक तिथीप्रमाणे जिजाऊंचा जन्म शके १५१९ची पौष पौर्णिमा, म्हणजे १२ जानेवारी १५९८चा. त्या दिवशी इंग्लंडच्या गादीवर ट्यूडर घराण्याची शेवटची राणी, पहिली एलिझाबेथ बसलेली होती. तिच्या राज्यात सरकारी वंशलेखक परगण्यापरगण्यातून फिरत, सरदार-जमीनदारांच्या वंशावळी तपासत आणि कुलचिन्ह वापरायचा हक्क कुणाला आहे ते ठरवत. १५३०पासून दीडशेहून अधिक वर्षं हे फेरे होत राहिले. तिथेही भाऊ असलेल्या मुलीचं नाव आलं तर अमक्याची बायको एवढ्यापुरतं. भाऊ नसलेली मुलगी मात्र एकदम महत्त्वाची ठरे, कारण बापाचं कुलचिन्ह तिच्या मुलांच्या ढालीवर चढे.

पण ज्या ट्यूडरांच्या काळात हे चाललं होतं, त्यांची गादीच मुळात एका बाईच्या माहेरावर उभी होती. मार्गारेट बोफर्ट तेरा वर्षांची असताना, २८ जानेवारी १४५७ला, पेम्ब्रोकच्या किल्ल्यात बाळंत झाली. नवरा एडमंड ट्यूडर काही महिन्यांपूर्वीच वारलेला. तो मुलगा म्हणजे पुढचा सातवा हेन्री. त्याच्या बापाकडचा आजा ओवेन ट्यूडर हा वेल्समधला साधा उमराव. राजाच्या विधवेशी लग्न लागल्यामुळे वर आलेला. त्या बाजूने इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगावा असं काही नव्हतं. सांगण्यासारखं जे काही होतं ते आईकडून होतं. मार्गारेट ही जॉन ऑफ गाँटची वंशज, म्हणजे राजवंशातली. त्या शाखेच्या औरसपणावरही वाद होता. पार्लमेंटने १३९७मध्ये तिला औरस ठरवलं आणि दहा वर्षांनी चौथ्या हेन्रीने तिला गादीच्या हक्कातून वगळणारी ओळ वर लिहून ठेवली. तरी १४८५मध्ये बॉसवर्थच्या लढाईनंतर हेन्री राजा झाला तो ह्याच नात्याच्या बळावर. हक्क मुळात मार्गारेटचा होता, तिने स्वतः राज्य करावं असं मात्र कुणी सुचवलं नाही. मुलाच्या राज्यात तिचा दरारा मोठा होता. १५०९च्या २४ जूनला नातू आठवा हेन्री याचा राज्याभिषेक झाला आणि २९ जूनला ती वारली.

हे वाचताना रायगड आठवल्याशिवाय राहत नाही. ६ जून १६७४ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाऊंनी पाचाडला देह ठेवला. पण ह्या जुळणाऱ्या तारखांपेक्षा न जुळणारी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. राज्याभिषेकापूर्वी क्षत्रियत्वाचा प्रश्न उभा राहिला. गागाभट्ट काशीहून आले, मुंज झाली आणि भोसल्यांचं मूळ उदेपूरच्या सिसोदियांशी जोडलं गेलं. सगळा दाखला बापाकडचा. आणि ज्या आईच्या पोटी हा राजा जन्मला, तिचं घराणं याच भूमीवर राज्य केलेल्या राजकुळाशी नातं सांगत होतं. मेवाडपर्यंत जायची गरज नव्हती, देवगिरी डोळ्यांसमोर होती. तरी अधिकाराच्या हिशेबात आईच्या वंशाला जागा मिळाली नाही. त्या काळच्या धर्मशास्त्रात ती मिळणंही शक्य नव्हतं. वर्ण आणि गोत्र बापाचं. आईच्या घराण्याची आठवण शास्त्राने दोनच ठिकाणी ठेवली. सोयरीक जमवताना बापाकडच्या सात आणि आईकडच्या पाच पिढ्या टाळायच्या, आणि श्राद्धात आईच्या बापाकडच्या तीन पिढ्यांनाही पिंड द्यायचा. निषेध आणि तर्पण ह्यांपुरतं आजोळ. गादीच्या वेळी ते कुणी विचारत नाही.

म्हणून आज आपण मोठ्या अभिमानाने जिजाऊंचा यादववंश सांगतो तेव्हा आपल्या लक्षात यायला हवं की खुद्द त्यांच्या मुलाच्या राज्याभिषेकात तो कामाला आला नव्हता. मग जिजाऊंना घराण्याकडून मिळालं काय? माझं उत्तर असं की घराणं त्यांच्यापाशी मागून चालत आलेली कीर्ती म्हणून आलं नाही. चहूबाजूंनी घेरणारं वास्तव म्हणून आलं, आणि ते भयंकर होतं.

त्यांचं लग्न १६०५च्या सुमाराला झालं असं मानतात. बखरींमधली रंगाच्या दिवसाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: दोन लहान मुलं एकमेकांवर रंग उडवत होती, लखुजी थट्टेत म्हणाले की जोडा छान शोभेल, मालोजींनी तो शब्द उचलून धरला आणि मोठा तंटा झाला. ह्या गोष्टीत मालोजी लखुजींच्या पदरचे गरीब शिलेदार दाखवले जातात, प्रत्यक्षात मालोजी आणि विठोजी तेव्हा निजामशाहीतले सरदार होते. पण मला खटकतं ते वेगळंच. ह्या कथेत दोन बाप आहेत, त्यांचा मान आहे, अपमान आहे. म्हाळसाबाई पंगतीत जाधवांची बाजू घेऊन बोलल्या, एवढंच काही ठिकाणी येतं. फलटणच्या निंबाळकरांच्या लेक असलेल्या मालोजींच्या पत्नी उमाबाई तर जवळजवळ नाहीतच. मालोजींच्या मागे एवढं मोठं सासर उभं असताना त्यांना एकटं आणि निराधार दाखवणारी गोष्ट टिकली कशी? बायकोचं माहेर मोजायचं नाही, ह्या सवयीनेच ती टिकली.

पुढे खंडागळ्यांच्या हत्तीचा प्रसंग येतो. शिवभारतात तो तपशिलाने आला आहे. निजामशाही दरबार संपून सरदार बाहेर पडत असताना खंडागळे सरदाराचा हत्ती उधळला. लखुजींचे चिरंजीव दत्ताजी त्याच्यावर तुटून पडले. विठोजी भोसल्यांचे मुलगे संभाजी आणि खेलोजी खंडागळ्यांच्या बाजूने उतरले. संभाजींच्या हातून दत्ताजी मारले गेले. बातमी ऐकून लखुजी मागे फिरले, शहाजीराजे त्या गर्दीत जखमी झाले आणि लखुजींनी संभाजींना मारलं. ह्याला आपण जाधव-भोसल्यांचं वैर म्हणतो. जिजाऊंच्या जागेवरून पाहिलं तर एका दिवसात त्यांचा भाऊ त्यांच्या चुलत दिराने मारला, त्या दिराला त्यांच्या बापाने मारलं आणि नवरा घायाळ होऊन घरी आला. सुतक कुणाचं धरायचं? सासरी बसून भावासाठी रडताना शेजारच्या दालनात दिराचा शोक चालला असणार. वंशवृक्षात ह्या घटनेच्या जागी दोन नावांपुढे दोन मृत्यू दिसतात, दोन वेगळ्या घराण्यांच्या दोन वेगळ्या पानांवर. दोन्ही पानं जिच्या आयुष्यात एकत्र शिवलेली होती, ती एकाही पानावर नाही.

लखुजी त्यानंतर मोगलांकडे गेले. १६२४च्या भातवडीच्या लढाईत जावई शहाजी मलिक अंबराच्या बाजूने होते आणि सासरे समोरच्या फौजेत. शहाजींचे सख्खे भाऊ शरीफजी तिथे पडले. आज लोक लखुजींच्या ह्या येण्याजाण्याकडे निष्ठेच्या मापाने पाहतात आणि अडखळतात. अडखळायचं कारण नाही. वतनदाराची खरी निष्ठा वतनाशी होती. सिंदखेड टिकलं पाहिजे हा पहिला हिशेब, वरचा धनी त्यानंतरचा. पण एकमेकांत मुली दिलेले लोक वेगवेगळ्या धन्यांकडे असण्याची किंमत त्या मुली भरत होत्या. सोयरीक हा त्या राजकारणातला खरा करार असे आणि युद्धात तो मोडला की त्याची शिक्षा बाईला होई.

लखुजी पुन्हा निजामशाहीत आले. २५ जुलै १६२९ला देवगिरीच्याच किल्ल्यात, म्हणजे तेव्हाच्या दौलताबादेत, मुजऱ्याला गेलेले असताना दग्याने त्यांची हत्या झाली. त्यांच्याबरोबर मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव मारले गेले. तीन पिढ्या एका भेटीत गेल्या. लखुजींचे भाऊ जगदेवराव आणि मुलगे बहादुरजी मोगलांना जाऊन मिळाले. शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. त्या वेळी जिजाऊंच्या पोटात शिवाजी होते.

आपल्याकडे बाई अडचणीच्या दिवसांत माहेरी जाते. जिजाऊंचं माहेर तेव्हा रक्तात बुडालेलं होतं, उरलेलं शत्रूच्या गोटात होतं आणि सिंदखेडच्या वाटेवर तीन फौजा होत्या. मग त्या शिवनेरीलाच का राहिल्या? शिवभारतात त्याचं उत्तर आहे. त्यांच्या थोरल्या मुलाचं, संभाजीराजांचं, लग्न शिवनेरीच्या विश्वासराव घराण्यातल्या विजयराजांच्या लेकीशी, जयंतीबाईंशी झालं होतं. किल्ला व्याह्यांचा होता. १९ फेब्रुवारी १६३०ला शिवाजी महाराज जन्मले ते आईच्या माहेरी नाही, बापाच्या वाड्यातही नाही. आईच्या सुनेच्या माहेरी जन्मले. शिवजयंतीला शिवनेरीचं नाव लाखो तोंडी येतं, जयंतीबाईंचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. यादवांशी असलेल्या नात्याने त्या काळात जिजाऊंना छप्पर दिलं नाही. सुनेच्या बापाने दिलं. ज्या नात्याने प्रत्यक्ष जीव वाचवला ते नातं वंशावळीच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणूनच ती व्याख्या बदलली पाहिजे असं मी म्हणतो.

जिजाऊंनी स्वतः घराण्याचा अर्थ काय केला, ते पुढे दिसतं. मारल्या गेलेल्या अचलोजींच्या मागे राहिलेल्या मुलाला त्यांनी आपल्याकडे आणून वाढवलं, अशी जाधव घराण्याची परंपरा आहे. त्याच शाखेत धनाजी जाधव झाले. राजारामांच्या काळात आणि नंतर औरंगजेबाच्या फौजांना ज्यांनी दमवलं, ते स्वराज्याचे सेनापती. शिवाजी महाराजांच्या राण्यांत काशीबाई ह्या जाधवांच्या लेक. ज्या घराशी सासरचं रक्त सांडलं होतं, त्याच घरातून सून आणली गेली. महाराजांची लेक राणूबाई जाधवांच्या घरी दिली गेली. आणखी एक राणी गुणवंताबाई इंगळे, त्यांचं माहेर चिखलीजवळच्या करवंडचं असल्याचं सांगतात. म्हणजे तीही ह्याच जिल्ह्याची. ह्या सोयरिकींमागे बसलेली व्यक्ती जिजाऊच असणार, हे सांगायला कागद लागत नाही. त्या काळी घरात सुना आणणं हे सासूचं काम होतं. तुटलेलं माहेर त्यांनी अशा रीतीने सासरच्या भिंतीत बांधून घेतलं. राजकारणातलं हे काम तलवारीइतकंच जाणतेपणी केलेलं आहे. आपण त्याला लग्नकार्य म्हणतो आणि पुढच्या पानाकडे वळतो.

ते काम कायमचं टिकलं नाही. धनाजींचे पुत्र चंद्रसेन १७११मध्ये बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या भांडणानंतर निजामाकडे गेले. १७५७च्या अखेरीस त्यांचे पुत्र रामचंद्र जाधव निजामाचे सरदार म्हणून सिंदखेडलाच मराठी फौजेच्या वेढ्यात सापडले; पेशव्यांचे विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे बाहेर होते, आणि त्या मोहिमेत निजामाला पंचवीस लाखांचा मुलूख सोडावा लागला. जिजाऊंच्या जन्मगावाला मराठ्यांनीच वेढा घालावा, हे सांगायला आपल्याला जड जातं आणि म्हणून ते सांगितलं जात नाही. मला वाटतं सांगावं. घराणं ही एकजीव, एकनिष्ठ वस्तू आहे, ह्या समजुतीला त्याने तडा जातो आणि तो जायला हवा.

कुणी म्हणेल, हे सगळं बाईंच्या बाजूने लिहायचं तर कागद कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे. जिजाऊंच्या जन्मापूर्वी आठ वर्षं, १५९०मध्ये, इंग्लंडात लेडी अ‍ॅन क्लिफर्ड जन्मली. १६०५मध्ये बाप गेला तेव्हा त्याने सगळी जहागीर आपल्या भावाला दिली. पंधरा वर्षांच्या ह्या मुलीने आणि तिच्या आईने दावा मांडला. खुद्द राजाने निवाडा दिला, तिने मानला नाही. १६४३मध्ये चुलत्याचा पुरुषवंश खुंटल्यावर जहागीर तिच्याकडे आली. तिने आपल्या घराण्याचे शेकडो वर्षांचे कागद नक्कल करवून मोठमोठ्या ग्रंथांत बांधून घेतले, कारण लेकीचा हक्क सिद्ध करायचा होता. त्या हट्टातून क्लिफर्ड घराण्यातल्या बायकांची नावं उरली. आपल्याकडे लेकीला वतनात हक्कच नव्हता, त्यामुळे असा दावा उभा राहिला नाही आणि असे ग्रंथही झाले नाहीत. पण शिवभारतासारखं साधन, मोगल दरबाराच्या नोंदी, वतनाचे महजर, देवस्थानांच्या सनदा ह्यांत बायकांची नावं विखुरलेली आहेत. त्यांचा शोध कुणी सलगपणे घेतला नाही, कारण शोधाची दिशा वरची होती: मूळपुरुष कोण.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. जिजाऊंना आधीच आपण माता ह्या एका शब्दात कोंडलं आहे; आता लेक, बहीण, सासू, विहीण म्हणून सांगायला लागलो तर ते नात्यांचंच कोंडण वाढेल, स्वतंत्र बाई दिसणारच नाही. ह्याला माझं उत्तर असं की स्वतंत्र बाई ह्या नात्यांच्या आतच काम करत होती आणि तिची कर्तबगारी तिथेच मोजता येते. पुण्याची उजाड झालेली जहागीर पुन्हा वसवताना, कसब्यात गणपती बसवताना, १६६६मध्ये मुलगा आग्र्याला गेलेला असताना राज्याचा कारभार पाहताना त्यांनी जो निर्णय घेण्याचा सराव वापरला, तो त्यांनी जाधव आणि भोसले ह्या दोन घरांच्या मध्ये उभं राहून कमावला होता. माता हा शब्द ह्या सगळ्या कष्टांना एका उमाळ्यात विरघळवून टाकतो. विहीण आणि आत्या हे शब्द तसं करत नाहीत.

सिंदखेडराजाच्या राजवाड्यात जन्मस्थळापाशी आणि लखुजीरावांच्या समाधीपाशी घराण्याची ओळख सांगणाऱ्या फलकांवर काय असावं, ह्याबद्दल माझी मागणी आहे. वंशवृक्ष देवगिरीपासून खाली आणण्याऐवजी म्हाळसाबाईंपासून बाजूला पसरू द्यावा. त्यात फलटणच्या उमाबाई असाव्यात, शिवनेरीच्या जयंतीबाई असाव्यात, काशीबाई, राणूबाई, गुणवंताबाई असाव्यात. दौलताबादेत मारल्या गेलेल्या तिघा तरुणांच्या मागे ज्या विधवा झाल्या, त्यांच्यासाठी जिथे नावं मिळत नाहीत तिथे रेघ ओढून जागा मोकळी ठेवावी, म्हणजे शाळेच्या सहलीला आलेली मुलगी विचारेल की इथे कुणाचं नाव यायचं आहे. आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना देऊळगावराजा, मेहकर, चिखली, साखरखेर्डा इथल्या जुन्या घरांतले दप्तर उघडायला पाठवावं ते ह्या मोकळ्या रेघा घेऊनच.